हात रोलरमध्ये चिरडला, ऑपरेशन झालं. आता पुढे काय करायचं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या दिरांचा उजवा हात कामावर दोन रोलरांच्या मधे सापडला. तीन बोटांची हाडं मोडली आणि हाताच्या पाठीवरची कातडी सोलून निघाली. त्याच रात्री ऑपरेशन करून बोटांत तारा घातल्या. दोन दिवसांनी परत आत नेऊन जखम साफ केली आणि नंतर मांडीची कातडी काढून हाताच्या पाठीवर लावली. टाके निघालेत, आता भाऊजी घरी आहेत. कातडी छान धरली आहे, एक्स-रे चांगला आहे असं डॉक्टर म्हणतात.

पण हात अजून सुजलेलाच आहे. आणि घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, हाडं जुळेपर्यंत बोट हलवायचं नाही. जाऊबाईंच्या माहेरून कुणीतरी सांगितलं की मालिश करून बोटं जोर लावून मोकळी करा, नाहीतर कायमची आखडतील. भाऊजी दोघांचं ऐकून काहीच करत नाहीत. हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. मनगट खाली पडलेलं, बोटांची मुळं सरळ आणि पुढची पेरं वाकलेली.

डॉक्टरांना विचारायला घेतलेले प्रश्न त्यांच्यासमोर गेलं की निम्मे विसरायला होतात. यातून गेलेले किंवा जाणकार कुणी असतील तर लिहा, प्लीज.

चुळबूळ्या

बाप रे. भाऊजींना लवकर आराम पडो. वाचतोय.

टाकाधागा

ताई, मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. हात न बघता उपचार सांगणार नाही, तेवढं समजून घ्या. पण दोन दिवसांनी परत आत का नेलं, याबद्दल लिहितो. बऱ्याच नातेवाइकांना वाटतं की पहिल्या वेळी काहीतरी राहून गेलं असणार.

कापलेला हात आणि चिरडलेला हात ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. धारदार पात्याने कापलं की इजा त्या रेषेपुरती असते. अलीकडचं-पलीकडचं मांस शाबूत असतं, त्यामुळे जोडकाम नीट होतं. चिरडल्यावर इजा नेमकी कुठवर पोचली आहे हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. रक्तवाहिनी बाहेरून धड दिसते, पण आतलं अस्तर फाटलेलं असतं आणि त्यावर हळूहळू गुठळी धरत जाते. पहिल्या रात्री गुलाबी असलेली कातडी तिसऱ्या दिवशी काळी पडते. रोलरमध्ये तर दाबाच्या जोडीला घर्षण असतं. कातडी खालच्या थरापासून सुटते आणि भाजतेही. म्हणून पहिल्या दिवशी जे नक्की मेलंय तेवढंच काढायचं आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघायचं, ही पद्धत आहे. घाईने जास्त काढलं तर ते परत आणता येत नाही. मेलेलं मांस आत ठेवलं तर जंतू पोसले जातात.

तेव्हा दुसऱ्यांदा नेलं हे उलट चांगल्या उपचाराचं लक्षण समजा.

आता हात हलवायचा का? तारा कुठल्या सांध्यांतून गेल्यात त्यावर ते अवलंबून आहे. हे सर्जनना विचारा आणि कागदावर चित्र काढून घ्या. तार ज्या सांध्यातून गेली आहे तो हलवायचा नाही. बाकीचे सांधे तसेच पडून असतील तर बहुतेक वेळा त्याला वैद्यकीय कारण काहीही नसतं.

बसण्याची जी ठेवण तुम्ही लिहिली आहे ती वाचून मला काळजी वाटली. त्यावर हातखंडा लिहितील तर बरं, त्यांचं ते रोजचं काम आहे.

हातखंडा

हाक ऐकली. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, फक्त हातांचंच काम करते.

निळी_छत्री, तुमचं ते एक वाक्य शंभर रिपोर्टांएवढं आहे. सुजलेला हात मोकळा सोडला की आपोआप त्याच ठेवणीत जातो. हाताच्या पाठीची कातडी सैल असते, म्हणून सुजेचं पाणी तिथे साठतं. ते साठलं की बोटांच्या मुळाचे सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर जी टेंगळं वर येतात ते, सरळ होतात. पुढची पेरं वाकतात. अंगठा तळव्याकडे ओढला जातो. रुग्णाला त्यात बरं वाटतं, आणि घात तिथेच होतो.

मुळाच्या सांध्याच्या दोन्ही अंगांना बंध असतात. सांधा सरळ असताना ते सैल असतात आणि वाकवला की ताणले जातात. सैल अवस्थेत काही आठवडे गेले की ते तेवढेच आखूड होऊन बसतात, आणि मग काही केल्या मूठ वळत नाही. पुढच्या पेरांचं याच्या बरोबर उलट. ती वाकलेली राहिली तर वाकलेलीच आखडतात. म्हणून स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक ठेवणीत धरून ठेवणारा कडक आधार, देताना आम्ही मनगट २० ते ३० अंश मागे, मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकवलेले, पुढची पेरं सरळ आणि अंगठा तळव्यापासून बाजूला, पुढे काढलेला असा हात ठेवतो. एडिंबरा पोझिशन म्हणतात तिला. तिथले सर्जन जे. आय. पी. जेम्स यांनी ही ठेवण रुळवली.

घरी पुठ्ठा-पट्टी बांधून हे करू नका. हाताच्या पाठीवरचे बोट सरळ करणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) तुटून शिवलेले असतील तर कोन बदलतात, आणि नव्या कातडीवर दाब पडून चालत नाही. उद्याच फोन करून विचारा, ‘स्प्लिंट दिलेलं नाही, हात असा राहतोय, थेरपिस्टकडे कधी पाठवता?’ एवढं वाक्य पुरे.

सूज आठवडेच्या आठवडे तशीच राहू देणं हे सगळ्यात महागात पडतं. सुजेच्या पाण्यात प्रथिनं असतात. ते पाणी साचून राहिलं की डिंकासारखं घट्ट होत जातं आणि टेंडन, सांध्याची पिशवी, कातडी हे जे एकमेकांवरून सरकायला हवं ते सगळं चिकटवून टाकतं. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. हाडं सुरेख जुळलेली आणि बोटं लाकडी, असे हात मी खूप पाहते.

तर हात हृदयाच्या वर. मांडीवर नाही. गळ्यात अडकवायच्या झोळीतही नाही, कारण त्यात हात पोटाशी लोंबतो आणि वर खांदाही धरतो. झोपताना शेजारी उशा रचून त्यावर, बसताना टेबलावर उशी घेऊन त्यावर. आणि खांदा-कोपर रोज पूर्ण फिरवायचे. हाताची इजा बरी होता होता खांदा गोठलेली माणसं बघितली की जीव चडफडतो.

नटबोल्ट

उत्तम माहिती. वाचनखूण साठवली.

मी कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. हात अडकल्यावरची पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट जातात, कारण भोवतीचे सगळे एकदम ओरडत असतात. आमच्याकडे शिकवतात ते असं. आधी यंत्र बंद, मग वीज तोडायची. हात ओढून काढायचा नाही. ओढल्याने कातडी हातमोज्यासारखी सोलून निघते. रोलर उलटे फिरवून हात काढायचा मोह होतो, पण तोच हात परत एकदा चिरडला जाऊ शकतो. रोलरमधलं अंतर वाढवण्याची सोय असेल तर ती वापरायची आणि हे काम यंत्र माहीत असलेल्याने करायचं.

हात सुटला की पहिल्यांदा अंगठी, घड्याळ, कडं काढा. रक्त थांबवायच्या गडबडीत हे राहतं. अर्ध्या तासात बोट सुजतं आणि मग अंगठी कापायला लागते. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं. कुठलीही पूड, पेस्ट, मलम लावायचं नाही. डॉक्टरांना आधी ते खरवडावं लागतं.

आणि एक नेहमीचा वाद. ‘हातमोजे घातले असते तर वाचला असता’ असं म्हणतात. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालणंच धोक्याचं आहे. ड्रिल, लेथ, रोलर यांत मोज्याचं टोक अडकलं की ते अख्खा हात आत घेऊन जातं. तिथे संरक्षण जाळीनेच करायचं. चालू यंत्रात सफाईसाठी हात घालायचा नाही आणि मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

टाकाधागा, एक विचारतो. बोट तुटून वेगळं झालं तर बर्फात टाकायचं की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

टाकाधागा

थेट बर्फात नाही, पाण्यातही नाही. तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा. तो पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाला थेट चिकटलं तर पेशी गोठून मरतात. पाण्यात पडून राहिलं तर मांस फुगतं.

बोटात स्नायू नसतात, म्हणून ते बराच वेळ तग धरतं. थंड ठेवलं तर ढोबळमानाने २४ तास, नुसतं ठेवलं तर १२. मनगटाच्या वरचा भाग असेल तर स्नायूंमुळे हे आकडे निम्म्यावर येतात. पण म्हणून रमत-गमत जायचं नाही.

पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी केली. पात्याने तुटलेलं बोट आता बऱ्याच ठिकाणी जोडतात. चिरडून तुटलेल्याचं यश कमी असतं, कारण जोडायला रक्तवाहिनीची धड टोकंच मिळत नाहीत. तरीही तुकडा घेऊन या. जोडता आला नाही तरी त्यातली कातडी, नखाखालचा भाग, हाड यांतलं काहीतरी वापरता येतं. आणि अंगठ्यासाठी आम्ही जास्तीत जास्त प्रयत्न करतो. हाताच्या कामाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भार एकट्या अंगठ्यावर आहे असं मानलं जातं.

गोगलगाय

हृदयाच्या वर हात ठेवायचा हे ठीक, पण माझ्या चुलतभावाच्या वेळी इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी उलट सांगितलं होतं. हात उंच करू नका, छातीच्या पातळीवरच ठेवा. मग खरं काय?

टाकाधागा

दोन्ही खरं. आणि बरं झालं विचारलंत. इथे कुणी हा धागा इजा झाल्या झाल्या वाचत असेल तर पुढचं आधी वाचावं.

हातात लहान लहान स्नायूंचे साधारण दहा कप्पे आहेत. प्रत्येकाला न ताणणारं आवरण आहे. आत सूज वाढली की आवरण फुगत नाही, दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. स्नायू आतल्या आत गुदमरायला लागतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. हाड मोडलेलं नसतानाही तो होतो, कातडीला ओरखडा नसतानाही होतो. मनगटाची नाडी व्यवस्थित लागते, बोटं गुलाबी दिसतात, त्यामुळे भले भले फसतात.

ओळखायचं ते दुखण्यावरून. इजेच्या मानाने फारच दुखतं, वेदनाशामक घेऊनही तासागणिक वाढतं. दुसऱ्याने बोट अलगद हलवलं, सरळ केलं किंवा बाजूला केलं तरी माणूस कळवळतो. हाताची पाठ दाबली तर टणक लागते. बधिरपणा उशिरा येतो, त्याची वाट बघत बसू नका. लहान मूल किंवा बेशुद्ध माणूस असेल तर डॉक्टर सुईने कप्प्यातला दाब मोजतात.

असा संशय असेल तेव्हा हात हृदयाच्या पातळीला ठेवायचा. उंच केला तर आधीच कमी पडणारं रक्त आणखी कमी पोचतं. घट्ट पट्टी किंवा प्लास्टर असेल तर ते पार कातडीपर्यंत मोकळं करायचं. उपाय एकच, आवरणं चिरून दाब मोकळा करणं. त्यासाठी हातात साधारण सहा तास असतात. जखमा उघड्या ठेवतात, सूज ओसरली की शिवतात किंवा कातडी लावतात. उशीर झाला तर स्नायू मरून आकसतात आणि हात कायमचा वाकडा होतो. रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच अशा आकसलेल्या हाताचं कारण रक्तपुरवठा तुटणं हे आहे असं मांडलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी घट्ट प्लास्टरखाली रात्र काढलेले रुग्ण येतातच.

तो धोक्याचा काळ संपला की, म्हणजे ताईंच्या भाऊजींच्या टप्प्यावर, हात वर.

चुळबूळ्या

अवांतर: बातम्यांत ‘क्रश सिंड्रोम’ येतं ते हेच का?

टाकाधागा

नाही. ते ढिगाऱ्याखाली मांडी किंवा अख्खा हात तासन्‌तास दबलेल्या माणसांत होतं. मेलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात येऊन मूत्रपिंड बंद पडतं. लंडनवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स आणि बील यांनी त्याचं वर्णन केलं. तळहातात तेवढा स्नायूच नाही. पण खांद्यापासून हात बराच वेळ दाबला गेला असेल तर ते डोक्यात ठेवावं लागतं.

दुधाचे_दात

माझ्या मुलीचं बोट दाराच्या फटीत चेमटलं. नख वर आलंय, पेर सुजलंय. एक्स-रे काढायची गरज आहे का? ती हलवू देत नाही पण रडणं थांबलंय.

टाकाधागा

काढा. आजच.

मुलांच्या बोटाच्या शेवटच्या पेरात वाढीची कूर्चा असते. चेमटल्यावर ती तिथून तुटते आणि नखाखालचा भागही फाटतो. दिसताना असं दिसतं की नखाचं मूळ कातडीच्या घडीतून बाहेर येऊन वर बसलंय आणि बोटाचं टोक किंचित खाली झुकलंय. याला सीमोर फ्रॅक्चर म्हणतात. नख थोडं सुटलंय, येईल परत, असं म्हणून पट्टी बांधून पाठवतात. पण ती उघडी हाडमोड असते. कधी कधी फाटलेला नखाचा भाग हाडाच्या फटीत अडकलेला असतो. धुतलं नाही तर हाडात पू होतो आणि नख-बोट दोन्ही वाकडं वाढतं. एक्स-रे बाजूनेही काढायला सांगा, नुसत्या समोरच्या फोटोत सुटू शकतं.

नखाखाली नुसतं रक्त साठलं असेल, कडा शाबूत असतील आणि हाड जागेवर असेल तर ते सोपं. नखाला बारीक भोक पाडून रक्त काढलं की ठणका लगेच थांबतो.

दुधाचे_दात

धन्यवाद डॉक्टर, निघतोय. काढलेलं नख परत लावतात म्हणे?

टाकाधागा

पूर्वी सगळेच लावायचे, झाकण म्हणून. ब्रिटनमध्ये साडेचारशेच्या आसपास मुलांवर याचीच चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. नख परत लावलेल्या आणि टाकून दिलेल्या मुलांत जंतुसंसर्ग किंवा नव्या नखाचं दिसणं यांत फरक आढळला नाही. तेव्हा नाही लावलं तरी घाबरू नका. धनुर्वाताच्या लसीचं कार्ड बरोबर न्या. मोठ्यांसाठीही सांगतो, घाण जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर बूस्टर लागतो. कधीच पूर्ण लस झाली नसेल तर त्याच्या जोडीला तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही देतात.

आणि विषय निघालाच आहे तर, हे चिरडणं नव्हे, पण शेजारचंच दुखणं. रंगाच्या किंवा ग्रीसच्या प्रेशर गनने बोटावर मारा झाला तर टोचल्याएवढं भोक दिसतं, फारसं दुखतही नाही. आत मात्र रंग टेंडनच्या नळीतून तळव्यापर्यंत गेलेला असतो. घरी बसू नका. काही तासांत उघडून साफ केलं नाही तर बोट जातं.

पेरभर

आता माझी पाळी. माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं प्रेसखाली आली, मधल्या बोटाचं टोक गेलं. बरीच वर्षं झाली. निळी_छत्री, कुणी आधी सांगत नाही अशा दोन-तीन गोष्टी लिहितो.

पहिलं म्हणजे थंडी. जखम पूर्ण भरल्यावर, काम सुरू केल्यावर, पहिला गारवा आला आणि ती बोटं पांढरी पडून अशी ठणकायला लागली की मला वाटलं काहीतरी सडतंय. तसं काही नव्हतं. चिरडलेल्या बोटांत हे इतकं सर्रास होतं की डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. हळूहळू कमी झालं, पण पूर्ण गेलेलं नाही. फ्रीजमधली बाटली मी उजव्या हाताने काढतो. लोकरी मोजा घालायचा तो आधीच, बोटं गार पडल्यावर नाही.

दुसरं, उरलेल्या टोकाला स्पर्श सहन व्हायचा नाही. शर्टाचं बटण लागलं तरी झिणझिण्या कोपरापर्यंत. थेरपिस्टबाईंनी मला कापसापासून सुरुवात करून दिली. मग मखमल, मग स्पंज, मग टॉवेल, मग वाळूत बोटं खुपसून फिरवायची. रोज, थोडा थोडा वेळ. वेडेपणा वाटायचा. पण मेंदूला सवय लागते हे खरं. मी ते बोट लपवायचो, खिशात ठेवायचो, त्यामुळे ते जास्तच हुळहुळं झालं होतं.

तिसरं, रात्री. डोळे मिटले की प्रेसचा आवाज यायचा. हे बायकोलाही सांगायला लाज वाटायची. भाऊजी गप्प बसून असतात असं लिहिलंय तुम्ही, म्हणून सांगतोय. समुपदेशकाकडे गेलो तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. हात अडकलेल्यांना हे होतंच, म्हणाले. झोप परत आली.

निळी_छत्री

पेरभर, तुमचं भाऊजींना वाचून दाखवलं. ‘आवाज’ या शब्दाला त्यांनी मान हलवली. एवढ्या दिवसांत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

फोन केला. थेरपिस्टची वेळ मिळाली. तारा फक्त मधल्या पेरांत आहेत, मुळाचे सांधे मोकळे आहेत, म्हणजे ते हलवायला हवे होते. बरं, मालिशचं काय करायचं? आणि एकांनी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सुचवल्यात, ‘हात जळजळायचा आजार’ टळतो म्हणून.

हातखंडा

वेळ मिळाली, छान झालं.

जोर लावून बोटं मोकळी करणं अजिबात नको. आतले धागे फाटतात, नवीन सूज येते आणि दुसऱ्या दिवशी हात आधीपेक्षा ताठ असतो. वर शिवलेलं टेंडन तुटायची भीती आहेच. बोट त्यांच्या स्वतःच्या ताकदीने हलायला हवं. थेरपिस्ट बहुधा असे प्रकार शिकवतील. बोटं सरळ, मग हुक (मुळं सरळ, फक्त पुढची पेरं वाकलेली), मग टेबलाच्या कोनासारखं फक्त मुळातून वाकवणं, मग पूर्ण मूठ. तारा असेपर्यंत यातले काहीच करता येतील. सकाळी एकदा दमेपर्यंत करण्यापेक्षा जागेपणी तासातासाला पाच-सात वेळा करणं कितीतरी चांगलं. व्यायामानंतर थोडं दुखून निवलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर जास्त झालं.

प्रगती डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मोजा. बोट जास्तीत जास्त वाकवून बोटाचं टोक आणि तळव्यावरची आडवी घडी यांतलं अंतर पट्टीने मोजायचं आणि आठवड्यातून एकदा वहीत लिहायचं. रुग्णाला वाटतं काहीच होत नाही, आणि वही दाखवली की चेहरा बदलतो. मूठ वळताना एखादं बोट शेजारच्यावर चढतंय का तेही बघा. चढत असेल तर हाड पिळलेलं जुळतंय, लगेच सर्जनना दाखवा.

मालिश लागते ती जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर, मऊ मलमाने, बोटाच्या पेराने गोल गोल. लावलेल्या कातडीला घाम आणि तेल सुटत नाही, ती कोरडी पडून फुटते. तिला रोज मलम आणि उन्हापासून झाकण. तिथे बधिर असेल तर गरम भांडं, इस्त्री यांपासून जपा. भाजल्याचं कळणार नाही.

आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा बघत राहा. ती आकसली की ग्लास, दाराची मूठ, हँडल काहीच नीट पकडता येत नाही. तिच्यासाठी वेगळं छोटं स्प्लिंट लागू शकतं.

टाकाधागा

व्हिटॅमिन सीबद्दल. तुम्ही म्हणताय तो आजार सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. इजेच्या मानाने फार जास्त जळजळ, वाऱ्याची झुळूकही सहन न होणं, हात कधी लाल-गरम कधी निळा-गार, एकाच हाताला घाम, नखं-केस वेगळे वाढणं. अमेरिकन यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांत वियर मिचेल या डॉक्टरने अशा जळत्या वेदनेचं वर्णन केलं होतं. नेदरलँड्समधल्या १९९९ च्या एका चाचणीत मनगट मोडलेल्यांना ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी ५० दिवस दिल्यावर हे प्रमाण कमी दिसलं. नंतर २०१४ मध्ये एडिंबराच्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. शिवाय दोन्ही मनगटाच्या हाडाबद्दल होत्या, चिरडलेल्या हाताबद्दल नाही. मी स्वतः त्यावर विसंबत नाही. द्यायचंच तर सर्जनना विचारून, मूतखड्याचा त्रास आहे का ते सांगून.

लवकर ओळखणं जास्त महत्त्वाचं. वर लिहिलेली लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. हात वापरता ठेवणं, वेदना आटोक्यात ठेवणं आणि आरशाचे व्यायाम, यांनी सुरुवातीला बराच फरक पडतो. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुखऱ्या हाताच्या जागी दिसतं आणि तो हलताना बघून मेंदूची भीती कमी होते.

बधिर बोटांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. मज्जातंतू साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. तळव्यात इजा असेल तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला महिने जातात. टिचकी मारल्यावर झिणझिण्या पुढे पुढे सरकत गेल्या तर ते चांगलं लक्षण.

भाऊजी सिगारेट-तंबाखू घेतात का? निकोटीनने बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात, नवी कातडी आणि हाड दोन्ही त्यावर उपाशी राहतात. यावर मी रुग्णांशी भांडतो.

निळी_छत्री

घेतात. आजपासून पुडी माझ्या ताब्यात. भांडण मी बघते.

नटबोल्ट

कामावर कधी घ्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. माझं मत, पूर्ण बरा होऊन एकदम जुन्या यंत्रावर उभा करू नये. आधी हलकं काम, कमी तास, आणि त्या यंत्राजवळ नुसतं उभं राहून बघू द्यावं. काहींना ते जमतच नाही, त्यात कमीपणा नाही, विभाग बदलून द्यावा.

पेरभर

+१. मी आता स्टोअर सांभाळतो. प्रेसकडे जाऊ शकतो, चालवायला नको वाटतं.

गोगलगाय

टाकाधागा, जाता जाता. बोटं आखडलेलीच राहिली तर पुढे काही होतं का, की संपलं?

टाकाधागा

होतं. टेंडन चिकटलं असेल तर ते सोडवण्याची शस्त्रक्रिया असते, आखडलेल्या सांध्याचीही असते. पण आम्ही काही महिने थांबतो. कातडी मऊ व्हायला हवी, हाड पक्कं हवं, आणि थेरपीने मिळेल तेवढं मिळून झालेलं हवं. शिवाय त्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून हात हलवायचा असतो. जो आधी व्यायाम करत नव्हता त्याला मी नाही म्हणतो, कारण चार आठवड्यांत ते परत चिकटतं.

निळी_छत्री

अपडेट. स्प्लिंट मिळालं, अगदी हातखंडांनी लिहिलंय त्याच कोनात. तासातासाला मोबाइलवर गजर लावलाय, तो वाजला की सासरेच आधी ओरडतात, ‘हलव रे बोटं.’ वहीत पहिला आकडा लिहिला. एक शंका उरली आहे. स्प्लिंट रात्रीही ठेवायचं सांगितलंय, पण पट्ट्यांचे वळ उठतात. सैल केलं तर चालेल?

हातखंडा

सकाळी वळ दिसले आणि अर्ध्या तासात गेले तर चालतील. लाल डाग तसाच राहिला, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सैल करा आणि त्याच दिवशी स्प्लिंट घेऊन थेरपिस्टकडे जा. गरम करून तेवढाच भाग पसरवून देतात, पाच मिनिटांचं काम आहे. सूज उतरत गेली की स्प्लिंट मोठं होऊन आत हात फिरायला लागेल, तेव्हाही परत बसवून घ्यायचं. वहीतला दुसरा आकडा इथे टाका.